सतरा नंबरचा बिल्ला

३ फेब्रुवारी

डुलक्या,

अक्षर ओळखलं असशील तर ठीक, नाहीतर आधी सहीपर्यंत उडी मार आणि मग परत वर ये. सरांच्या शोकसभेत तू मला बसच्या तिकिटामागे पत्ता लिहून दिलास आणि वर बजावलंस, की फोन करू नकोस, लाँचच्या इंजिनाशेजारी तीस वर्षं काढल्यावर कानात नुसती घरघर उरलीय. म्हणून हे पत्र. मलाही बरंच झालं. फोनवर तू "हो", "बरं" आणि "ठेवतो" याच्या पलीकडे गेला नसतास.

काम आहे म्हणून लिहितेय, उगाच गोड बोलत बसत नाही. या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आपल्या स्काऊट पथकाला समुद्रावर नेणार आहे. आपल्याच त्या किनाऱ्यावर, एक्केचाळीस वर्षांनी. सव्वीस मुलंमुली, दहा ते चौदा वर्षांची, पाच दिवस, तंबूत. सर होते तोवर हा विषय काढायची सोय नव्हती. डोंगर चालायचा, जंगल चालायचं, समुद्र म्हटलं की ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळायला लागायचे. पथक त्यांनी माझ्या हवाली केलं त्याला आता सोळा वर्षं झाली. शिवणाचे तास संपले की मी शाळेच्या गच्चीवर पोरांना गाठी शिकवते. गाठी मारून मारून पोरं कंटाळलीत. तंबू ठोकायला त्यांना वाळू पाहिजे.

परवा शिवणखोलीतलं कपाट आवरताना आपल्या वेळची यादी मिळाली, सरांच्या हातची. "प्रत्येकी एक ताट, एक पेला, दोन चादरी, सुतळीचं एक बंडल, तक्रारी घरी ठेवून येणे." वाचून मी स्टुलावर बसूनच राहिले. भातात वाळू आली तेव्हा सर म्हणाले होते, "चावू नका, नुसतं गिळा." तुझा तंबू तुझ्याच अंगावर पडला आणि तू तसाच झोपून राहिलास, मग आम्ही कापडावरून तुझं नाक शोधत बसलो. तेव्हापासून तू डुलक्या. आणि मी एका जागी उभी राहात नाही म्हणून भिंगरी. अजूनही राहात नाही, फक्त आता गुडघे कुरकुरतात.

तर सांग, किनारा जागेवर आहे का? विहीर आहे का? भरती कुठवर येते? आणि मुलं पाण्यात असतील तेव्हा काठावर तू उभा राहशील का? तिथल्या पाण्याची तुझ्याएवढी ओळख मला दुसऱ्या कुणाला असलेली माहीत नाही.

तुझी,
भिंगरी

१४ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पाकीट आलं तेव्हा आईने ते उजेडात धरून पाहिलं. आमच्याकडे येतं ते फक्त विजेचं बिल. "मुलीचं अक्षर आहे," म्हणाली, आणि मी वाचून होईस्तोवर समोरून हलली नाही. तिचं वय आता एक्क्याऐंशी, पण चौकशा अठराच्या.

किनारा आहे. मुद्दाम जाऊन पाहिला. आपण तंबू ठोकले होते ती जागा समुद्राने अर्धी खाल्लीय, पण वरच्या अंगाला सपाट माळ आहे, सहा तंबू आरामात बसतील. विहिरीचं पाणी गोड आहे. पोहरा नाही, तो मी देईन. उजव्या हाताच्या खडकांपाशी ओढ असते, तिकडे पोरांना फिरकू द्यायचं नाही. डाव्या हाताला कमरेएवढं पाणी बरंच आत जातं. शौचालयं धक्क्याजवळ, चालत चार मिनिटांवर. दहा वर्षांच्या पोराला घाईच्या वेळी ती चाळीस वाटतील, तेव्हा तशी सूचना आधी दे.

सामान लाँचने आणतो, पाणी तापवायची भांडी देतो, म्हणशील ते करतो. फक्त काठावर मला उभं करू नकोस.

तू विसरली असशील असं वाटत नाही, पण तू पत्रात त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाहीस म्हणून मीच काढतो. खिळ्यांची ती फळी आठवते ना? प्रत्येकाचा एक लाकडी बिल्ला, एक बाजू लाल, एक पांढरी. पाण्यात जाताना लाल बाजू पुढे, बाहेर आलं की पांढरी. माझा सतरा नंबर. तिसऱ्या दिवशी सरांनी शिट्टी फुंकली, सगळे बिल्ले पांढरे आणि सतरा लाल. सर कपड्यांनिशी पाण्यात. चाळीस मिनिटं बुड्या मारत होते. आणि मी कुठे, तर उलट्या घातलेल्या होडीखाली सावलीत घोरत. स्वयंपाक्याने पायाला धरून ओढून काढला तेव्हा सर वाळूत बसले होते आणि त्यांचे दात वाजत होते, भर दुपारी.

मी म्हणालो होतो, की बिल्ला उलटवला होता. मला तर हातात बिल्ला धरल्याचंही आठवत होतं. पण इतकी माणसं एकीकडे आणि आपण एकटे एकीकडे असलो, की हळूहळू आपलं आपल्यालाच खोटं वाटायला लागतं. दुसऱ्या दिवशी बाबा आले. बसमधून उतरल्यावर एवढंच म्हणाले, "वर खोटं कशाला बोललास?" स्काऊटचा स्कार्फ त्यांनी सरांना परत दिला होता.

ज्या गावातून हाकललं गेलो तिथेच पोट भरायला यावं लागलं, त्याचं आता काही वाटत नाही. पण ते काम मला नको. दुसरा माणूस बघ.

डुलक्या

२३ फेब्रुवारी

डुलक्या,

पालकसभा झाली. एका बाबांनी विचारलं समुद्रात साप असतात का. एका आईने विचारलं वाळू केसांतून निघते का. एक आजोबा म्हणाले, पोरांना मोबाईलशिवाय पाच दिवस ठेवणार असाल तर मी दुप्पट पैसे देतो. हसतखेळत चाललं होतं, तेवढ्यात आमच्या मुख्याध्यापिका उठल्या. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहेत, पण बोलायला लागल्या की माझी पाठ आपोआप ताठ होते. त्यांची अट अशी, की समुद्र जाणणारी आणि तिथेच राहणारी व्यक्ती काठावर जबाबदार म्हणून हवी, लेखी हवी. नाहीतर शिबिर शाळेच्या मैदानावर. मैदानावर, डुलक्या. पाण्याच्या टाकीशेजारी.

दुसरा माणूस बघ म्हणतोस, मी कुणाला बघू? मला त्या गावात तू सोडून ओळखतं कोण? आणि तू तीस वर्षं माणसं पाण्यावरून ने-आण करतोयस. तुझ्या हाती पोरं सोपवायला मला एका क्षणाचाही विचार करावा लागत नाही.

बाकीचं तू लिहिलंस ते सगळं लहानपणीचं आहे. सोडून दे. सोबत फॉर्म पाठवतेय, नऊच प्रश्न आहेत, भर आणि पाठव.

इकडे तयारी जोरात आहे. जुन्या तंबूंना ठिगळं लावायला मी सातवीची मुलं बसवलीत. ती सुई अशी धरतात की जणू चावणार आहे. बिल्ल्यांची फळी मात्र मी केली नाही अजून. करीन.

भिंगरी

६ मार्च

भिंगरी,

आई म्हणाली, "पोरांना मैदानावर ठेवणार? मग शिबिर कशाला म्हणायचं, घरीच राहू देत की." तिच्यापुढे माझं काही चालत नाही. करतो मी ते काम. फॉर्म भरून सोबत पाठवलाय.

सातवा प्रश्न तू वाचला होतास का? "आपण सहभागी असलेल्या शिबिरात वा सहलीत आपल्या चुकीमुळे दुर्घटना किंवा धोक्याचा प्रसंग घडला आहे का? असल्यास तपशील द्या." मी "होय" लिहिलंय आणि तपशील दिलाय. जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूवरही लिहिलंय.

भरताना वाटलं, बरं झालं कुणीतरी विचारलं. मी काय आहे तो त्या एका दुपारमुळे आहे. लाँचवर माणसं चढताना मोजतो, उतरताना मोजतो, मध्ये एकदा उगाचच मोजतो. एकदा बेचाळीस चढली आणि त्रेचाळीस उतरली. वीस मिनिटं कुणाला हलू दिलं नाही. शेवटी कळलं, एका बाईच्या शालीत झोपलेलं तान्हं बाळ मी उतरताना धरलं होतं, चढताना धरलंच नव्हतं. लोक वैतागतात, मागून मला मास्तर म्हणतात. पण तीस वर्षांत एक माणूस कमी भरला नाही. आणि त्या दिवसानंतर मला दुपारची झोप म्हणून लागलेली नाही. सुट्टीच्या दिवशीही नाही. बायको होती तेव्हा म्हणायची, तुमच्याकडे पाहूनच माणसाला दम लागतो.

पोरांना मी दुसरं काही शिकवू शकत नाही. हे सांगू शकतो, की बघा, मी बिल्ला उलटवला नव्हता, आणि एक माणूस चाळीस मिनिटं मला पाण्यात शोधत होता. हा एकच धडा माझ्याजवळ आहे.

भरतीचं वेळापत्रक जोडलंय. दहा मेपासूनचे पाच दिवस चांगले आहेत.

डुलक्या

१२ मार्च

डुलक्या,

वेळापत्रकाबद्दल आभार. ते मी शिवणखोलीच्या दारावर चिकटवलंय.

तुझा फॉर्म मी दिलेला नाही. दोऱ्यांच्या रिळांखाली खणात ठेवलाय. मुख्याध्यापिकांनी तो वाचला की शिबिराचं काय होईल ते तुला सांगायला नको. "याच किनाऱ्यावर, यांच्याच चुकीमुळे," एवढं वाचून त्या पेनाला टोपण लावतील. सव्वीस घरांत बॅगा खरेदी झाल्यात. एका पोरीने तर आत्तापासून बॅग भरून दाराशी ठेवलीय, तिची आई रोज त्या बॅगेला अडखळते.

सोबत कोरा फॉर्म आहे. सातव्या प्रश्नापुढे "नाही" लिही. एवढंच. एक्केचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, तू बारा वर्षांचा होतास, कुणाला इजा झाली नाही. त्याला प्रसंग म्हणायचीसुद्धा गरज नाही.

लवकर पाठव. मुदत एप्रिलअखेरीची आहे.

भिंगरी

२० मार्च

भिंगरी,

कोरा फॉर्म कोराच परत पाठवतोय.

मी "नाही" लिहिणार नाही. तेव्हा मी खोटं बोललो असं सगळे म्हणाले, बाबा मरेपर्यंत म्हणत राहिले. घरी पाहुणे आले की त्यांचा ठरलेला किस्सा असायचा तो, आमच्या चिरंजीवांनी समुद्राला कसं कामाला लावलं. लोक हसायचे, मीही हसायचो. तीन वर्षांपूर्वी ते गेले. आता या वयात मी खरोखरच खोटं लिहून सही करू?

आणि तू सांगतेस. सरांची शिट्टी तुझ्या गळ्यात आहे म्हणून मी तुला फार मानत होतो. शोकसभेत तुझ्या गळ्यात ती पाहिली तेव्हा वाटलं होतं, योग्य ठिकाणी गेली.

भरलेला फॉर्म द्यायचा असेल तर दे, नसेल तर मैदान आहेच. मला यापुढे त्याबद्दल लिहू नकोस.

डुलक्या

९ एप्रिल

डुलक्या,

लिहू नकोस म्हणालास तरी लिहितेय. हे एक पत्र पूर्ण वाच, मग हवं तर फेकून दे.

तू बिल्ला उलटवला होतास.

तू पाण्यातून बाहेर आलास, सतरा नंबर पांढरा केलास आणि सावलीला गेलास. थोड्या वेळाने मी बाहेर आले. माझा अठरा, तुझ्या शेजारचा खिळा. माझा पांढरा केला आणि पाहिलं तर तुझाही पांढरा. मला वाटलं, तुझी पिवळी टोपी तर आत्ता पाण्यात दिसली. ती तुझी नव्हती, पण मला तुझी वाटली. म्हटलं, हा वेंधळा पाण्यात जाताना बिल्ला उलटवायलाच विसरलाय, शिट्टी झाली की गोंधळ होईल. मी तुझा बिल्ला लाल केला आणि भांडी घासायला पळाले. मी उपनायक होते ना टोळीची. आपण कुणाचीतरी काळजी घेतली असं वाटून इतकी खूश होते मी, की भांडी घासताना गाणं म्हणत होते.

पुढचं तुला माहीत आहे. मला कधी कळलं विचारशील, तर तुला होडीखालून ओढून काढला आणि तू "उलटवला होता" म्हणालास त्याच क्षणी. सरांनी सगळ्यांना विचारलं, "कुणी हात लावला होता का फळीला?" माझं तोंड उघडलं होतं. पण ते ओल्या कपड्यांनिशी असे वाळूत बसले होते, की मला वाटलं आता बोलले तर हे मला कधीच माफ करणार नाहीत. उद्या सांगू म्हटलं. उद्या तुझे बाबा आले. तू त्यांच्यामागून बसमध्ये चढलास आणि मी तंबूच्या दोऱ्या ताणत उभी होते.

मग दर वर्षी ते सांगणं आणखी अवघड होत गेलं. सरांनी मला नायक केलं, मग मदतनीस, मग शिट्टी दिली. शेवटच्या आजारपणात मी ठरवून गेले होते त्यांच्याकडे. त्यांनी मला पथकात यंदा किती मुलं आहेत विचारलं. मी त्यांना संत्रं सोलून दिलं आणि परत आले. ते समुद्राचं नाव का काढू देत नव्हते ते मला कळत होतं, आणि त्यांनाच कळलं नाही की त्यांच्या पथकात त्या दिवशी नियम मोडलाच गेला नव्हता. माझा अतिशहाणपणा नडला, बाकी काही नाही.

तुला मी "नाही" लिहायला सांगितलं ते खरंच होतं, पण ते खरं आहे हे तुला न सांगता सांगितलं. तुझं वीस तारखेचं पत्र मी रोज वाचत होते. तुझ्या बाबांच्या किश्श्याशी येऊन थांबायचे. मला माहीतच नव्हतं की ते इतकी वर्षं चाललं होतं. मला वाटायचं तू विसरलास. तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

परवा मी मुख्याध्यापिकांपुढे बसून हे सगळं सांगितलं, तुझा फॉर्म त्यांच्यापुढे ठेवून. त्यांनी दोन दिवस घेतले. शिबिर होऊ शकेल म्हणाल्या, तू लिहून दिलंस तर. प्रमुख म्हणून खेळाचे सर जातील. तरुण आहेत, चांगले आहेत, तंबू ठोकताना शिट्ट्या वाजवतात तेवढंच. मी यावं की नाही ते त्यांनी माझ्यावर सोडलंय, आणि ज्या आवाजात सोडलंय त्यावरून मला समजलं. मी येणार नाही.

सोबत कोरा फॉर्म आहे. तू काहीही ठरवलंस तरी तुझ्यावर बोट ठेवायचा मला अधिकार नाही. पोरांना मी सांगेन. मला माफ कर असं लिहायला बसले होते, पण ते मागणंही जास्तीचं वाटतं. मी चुकले, डुलक्या, आणि त्यानंतर एक्केचाळीस वर्षं चुकत राहिले.

भिंगरी

२८ एप्रिल

भिंगरी,

तुझं पत्र मी धक्क्यावर उभा राहून वाचलं. सव्वानऊची लाँच त्या दिवशी पावणेदहाला सुटली. लोक चिडले, मी त्यांना मोजलंही नाही. पलीकडे पोचल्यावर लक्षात आलं.

आठवडाभर मी तुला मनातल्या मनात काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. दोन पत्रं लिहून फाडली. एकात नुसत्या शिव्या होत्या. दुसऱ्यात मी फार मोठ्या मनाचा झालो होतो, ते तर वाचवतच नव्हतं. मला राग याचा आला, की मी जो काही माणूस म्हणून घडलो ते एका चुकीतून असं मी धरून चाललो होतो, आणि आता तू सांगतेस ती चूक माझी नव्हतीच. मग इतकं मोजत बसलो ते कशासाठी? मनाची अशी चिडचिड झाली की आई विचारायला लागली, पोट बिघडलंय का.

शेवटी तिला पत्र वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. मधे एकदाही बोलली नाही, आमच्या घरात हे प्रथमच घडलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "तू बोलला होतास." मी म्हटलं काय? म्हणाली, "त्या दिवशी घरी आलास तेव्हा. दारात चपला काढता काढता म्हणाला होतास, आई, मी उलटवला होता. मी म्हटलं, आधी हातपाय धू. तू हातपाय धुऊन आलास आणि मग पुन्हा कधी बोलला नाहीस."

मला हे अजिबात आठवत नव्हतं. तिला चपलांसकट आठवत होतं. बराच वेळ ती भाजीच्या काड्या मोडत बसली. मग म्हणाली, "चुकलं रे आमचं. मी तरी ऐकायला हवं होतं." भिंगरी, मी त्रेपन्न वर्षांचा आहे, नातवंडं व्हायच्या वयाचा. मी तिथे जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडलो. आई उठली नाही, जवळही आली नाही. भाजीचं ताट थोडं बाजूला सरकवलं आणि माझं होईपर्यंत थांबली.

बाबांना सांगायचं राहून गेलं. त्याचा राग मला तुझ्यावर आहे आणि तो इतक्यात जाणार नाही, तू भेटलीस तरी जाणार नाही. तो तू सहन कर. पण मला हेही कळतं, की तू ते पत्र लिहिलं नसतंस तर आई ते वाक्य मनात घेऊनच गेली असती, आणि मला ते कधी मिळालं नसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांची वजाबाकी मला करता येत नाही, मी करणारही नाही.

आता कामाचं. फॉर्म मी परस्पर मुख्याध्यापिकांना पाठवलाय. सातव्या प्रश्नापुढे "नाही" लिहिलं. लिहायला दोन सेकंद लागले आणि पाहात अर्धा तास बसलो. खाली एक अट घातलीय, ती तुला कळायला हवी म्हणून इथे लिहितो. शिबिराचा प्रमुख कोण ते शाळेने ठरवावं, तो तिचा अधिकार. पण काठाची जबाबदारी मी घेतोय, तेव्हा बिल्ल्यांच्या फळीपाशी कोण बसेल ते मी ठरवणार. मी पाण्यात होडीत असेन, मला फळी दिसणार नाही. तिथे मला असा माणूस पाहिजे, जो कुणाचा बिल्ला उलटायच्या आधी त्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. असा मला एकच माहीत आहे. त्या जागी मी तुझं नाव घातलंय आणि लिहिलंय, की हे नाव मान्य नसेल तर माझंही धरू नये.

त्यांचं उत्तर काल आलं. मान्य आहे. खेळाचे सर म्हणे सुटकेचा निःश्वास टाकून बसलेत, त्यांना पोहता येत नाही.

फळी तू केलेली नाहीस हे मला ठाऊक आहे. तूच करायची आहेस. सव्वीस पोरांचे बिल्ले कर, होडीवरचा म्हणून माझा एक कर, आणि एक तुझा, कारण तुलाही पाण्यात उतरायचंय. शोकसभेनंतर आपण तुमच्या गावच्या तळ्याकाठी चहा प्यायलो तेव्हा तू पाण्याकडे पाठ करून बसली होतीस. तेव्हा मला वाटलं तुझ्या डोळ्यांवर ऊन येतंय.

आई येणार आहे बघायला. तिला टेकायला पाठीची खुर्ची लागते आणि बोलायला माणूस. दहा मेला सकाळी सातच्या आत पोचा, भरती साडेनऊची आहे.

डुलक्या